सेलवरच्या इंजिनाला दिवे: लाल लावला की पांढरा विझतो, असं का?

तारमिस्त्री_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या कामात आहे. विजेचं म्हणाल तर घरातला फ्यूज बदलण्यापलीकडं आपली मजल नाही. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

पोरगा आठ वर्षांचा. उरुसात घेतलेली सेलवरची आगगाडी होती. वरचं प्लास्टिक महिन्याभरात फुटलं, पण खालचं मोटर आणि चाकांचं काम शाबूत राहिलं. कारखान्यात तूणाच्या पट्ट्या उरतातच, म्हणून वरची बॉडी मी लाकडात केली. जुनं अल्को (मूळ अमेरिकन बनावटीचं) डिझेल रेल्वे इंजिन, डब्ल्यूडीएम-२. लाँग हूड (लांब नाक), शॉर्ट हूड (आखूड नाक), मधली केबिन, बाजूचे कठडे, सगळं. लांबी २१ सेंटिमीटर. सवयीनं वरून तंबोऱ्याला मारतो तसं चपड्याचं पॉलिश मारलं, त्यामुळं इंजिन जरा लग्नाला निघाल्यासारखं दिसतंय. पोराला चालतंय.

आता दिवे. पोराची मागणी अशी: पुढं दोन पांढरे, मागं दोन लाल, टपावर एक पिवळा लुकलुकणारा. गाडी उलटी चालली की दिव्यांची पण अदलाबदल झाली पाहिजे. आणि गाडी स्टेशनात थांबली तरी दिवे जायचे नाहीत. "कोयना मिरजेला थांबते तेव्हा तिचे दिवे जातात का?" असं त्यानं मला विचारलं. यावर मी काय बोलणार?

आत्तापर्यंत केलेले उद्योग:

खाली दोन पेन्सिल सेल आहेत. बटण तीन जागांचं: पुढं, मध्ये बंद, मागं. मोटरला जाणाऱ्या दोन वायरींना पांढरा एलईडी सरळ जोडला. सेल नवे असताना मिणमिणला. गाडी सोडली की अजून खाली गेला, आणि दोन दिवसांनी लागायचाच बंद झाला.

दुकानदार म्हणाला रेझिस्टर (करंट आवरणारा) लावा. १०० ओहमचा एक आणला, नवे सेल घातले, आणि त्या एकाच रेझिस्टरच्या पुढं पांढरा आणि लाल असे दोन्ही शेजारी शेजारी जोडले. लाल झकास लागला. पांढरा ठार! लालचा एक पाय सोडवला की पांढरा परत जिवंत. तंबोऱ्यात एक तार चढवली की शेजारची किंचित उतरते, ते मला कळतं, कारण तबली (तारांखालची लाकडी पाटी) दबते. इथं काय दबतंय ते कळेना.

शेवटी डोकं फिरलं आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट पांढऱ्याला लावली. क्षणभर लख्ख उजेड पडला, बारीक टिक् झालं आणि वास आला. तो एलईडी गेला. पोरगा शेजारीच उभा होता. म्हणाला, "पप्पा, अजून एकदा करा."

जाताजाता अजून एक. माझ्याकडं सतारीच्या तारा ढिगानं आहेत, पोलादी पण आणि पितळी पण. वायरऐवजी त्याच वापरल्या तर?

गप्प_राहवत_नाही

एवढी कटकट कशाला करताय राव? दिवेवाली गाडी तयार मिळते बाजारात. भोंगा वाजवते, गाणं पण म्हणते.

तारमिस्त्री_मिरज

गाणं म्हणते म्हणूनच नको. आमच्या घरात दिवसभर जवारी काढायचं (घोडी घासून सूर खुलवायचं) काम चालतं. ती गाडी जो षड्ज लावते तो ऐकून वडील दोनदा ताटावरून उठलेत.

सोल्डरबाई

मिस्त्री, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पहिल्या वर्षाची मुलं दर वर्षी हेच तीन उद्योग याच क्रमानं करतात. नऊ व्होल्टचा तर हमखास.

एलईडी म्हणजे छोटा बल्ब नव्हे. बल्बला कमी व्होल्टेज दिलं तर तो मंद का होईना, पेटतो. एलईडीला उंबरठा असतो. त्याच्या खाली काहीच नाही, आणि तो ओलांडला की करंट एकदम धावत सुटतो. लालचा उंबरठा साधारण १.८ ते २ व्होल्टला, पिवळ्याचा त्याच्या किंचित वर, पांढऱ्याचा तीनच्या आसपास. दोन नवे सेल म्हणजे तीन व्होल्ट. तुमचा पांढरा पहिल्या दिवसापासून उंबरठ्यावरच उभा होता. मोटर सुटली, सेलचं व्होल्टेज घसरलं, की तो बाहेर.

आता लाल लावल्यावर पांढरा का विझतो. दोघांना रेझिस्टर एकच आहे. लाल दोन व्होल्टला पेटतो आणि पेटल्यावर ती जागा दोन व्होल्टलाच धरून ठेवतो. वरचं जे एक व्होल्ट आहे ते सगळं रेझिस्टरमध्ये खर्च होतं. पांढऱ्याच्या पायाशी दोनच व्होल्ट पोचतात आणि त्याला तर तीन हवेत. तुमची तबली दबते तसंच आहे हे, फक्त इथं लाल स्वतःच तबली दाबून बसलाय. म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर, यात तडजोड नाही.

पुढचं सांगण्याआधी एक मोजमाप करून द्याल? कुणाचा तरी मल्टीमीटर आणा आणि सेलच्या दोन टोकांवर तीन वेळा बघा: गाडी थांबलेली असताना, चालताना, आणि चाक बोटानं अडवून धरल्यावर. तिसरं मोजमाप दोन-तीन सेकंदांत उरका, अडवलेली मोटर तापते.

तारमिस्त्री_मिरज

रेडिओ दुरुस्तीवाल्या शेजाऱ्याचा आणला. थांबलेली असताना ३.१, चालताना २.६, चाक अडवल्यावर १.९. तिन्ही आकडे पोरानं वाचले आणि त्याच्याच वहीत लिहून ठेवलेत.

सोल्डरबाई

वहीत लिहिले हे फार चांगलं झालं. माझ्या वर्गातले लिहीत नाहीत.

तर २.६ वर पांढरा लागणारच नाही, विषय संपला. व्होल्टेज वाढवायला तीन रस्ते आहेत. एक, व्होल्टेज वाढवणारं नखाएवढं मॉड्यूल मिळतं. ते साधारण दोन व्होल्टपासून काम करतं, पण तुमची मोटर सुटताना १.९ पर्यंत खेचते आहे, म्हणजे गाडी निघताना दर वेळी दिवे डोळा मारणार. दोन, लिथियमचा सेल. पेन्सिल सेलच्याच मापाचा मिळतो, ३.७ व्होल्टचा. आठ वर्षांच्या मुलाच्या खेळण्यात मी तो घालणार नाही. माप तेच असल्यानं कधीतरी कुणीतरी तो साध्या सेलच्या जोडीला घालतं, आणि साध्या चार्जरमध्येही ठेवतं. शॉर्ट झाला तर त्याच्याइतका वाईट सेल दुसरा नाही. वर तुमची बॉडी लाकडाची, आणि त्यावर चपडा.

तिसरा रस्ता माझा: चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड पेन्सिल सेल, दोनऐवजी तीन. एक सेल १.२ व्होल्टचा, तिन्ही मिळून ३.६. मोटर कितीही ओढो, हे सेल साध्या सेलइतके दबत नाहीत. दोन जिथं आहेत तिथंच राहू द्या आणि तिसऱ्याला लाँग हूडमध्ये जागा करा. कोरून जागा करणं तुम्हाला मी काय शिकवणार.

आता हिशेब, वहीत लिहायला द्या. पांढरा: ३.६ वजा ३ म्हणजे ०.६ व्होल्ट. पाच मिलिअँपिअर पुष्कळ झाले. ०.६ भागिले ०.००५ म्हणजे १२० ओहम. लाल: ३.६ वजा १.९ म्हणजे १.७, त्याला पाच मिलिअँपिअरनं भागलं की ३४०, बाजारात ३३० मिळतो. पण लाल दिवा डोळ्यात खुपायला नको असेल तर सरळ ६८० घाला. सेल ताजे चार्ज केल्यावर चारच्या थोडं वर दाखवतील, तरी पांढऱ्यातून दहाच्या आतबाहेरच जाईल, काही होत नाही.

मोटर थोडी जोरात पळेल. वळणावर गाडी उलटायला लागली तर मोटरच्या एका वायरमध्ये दोन १एन४००७ डायोड घाला, एकमेकांना उलटे आणि समांतर. दोन्ही दिशांना सुमारे पाऊण व्होल्ट खाऊन टाकतात. एकच डायोड घालू नका, नाहीतर गाडी फक्त पुढं जाईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

डोंबिवली_लूपलाईन

बाईंनी व्होल्टेजचं मिटवलंय. थांबल्यावर दिवे चालू ठेवायचं माझ्याकडून घ्या, यावर मी एक अख्खा गणपती घालवला होता.

तुमच्या तीन जागांच्या बटणाला सहा पाय असतील, त्यालाच डीपीडीटी म्हणतात. मधल्या दोन पायांवर सेल येतात, आणि चार कोपऱ्यांना तिरक्या जोडलेल्या वायरी मोटरकडं जातात. बटण मध्ये आणलं की सगळंच मेलं. म्हणून बटणाची मधली जागा वापरायचीच नाही. बटणाचं काम फक्त दिशा ठरवणं. दोन साधी बटणं वेगळी आणा. पहिलं सेलनंतर लगेच, हे मुख्य. दुसरं दिशेच्या बटणाच्या पुढं, मोटरला जाणाऱ्या दोन वायरींपैकी एकीत. आणि दिव्यांच्या वायरी घ्यायच्या दिशेच्या बटणानंतर पण मोटरच्या बटणाआधी. झालं. मोटरचं बटण बंद केलं की गाडी उभी, दिवे चालू, आणि दिवे कुठल्या बाजूचे ते दिशेच्या बटणानं आधीच ठरवलेलं.

दिव्यांची अदलाबदल फुकट होते. पुढचे पांढरे आणि मागचे लाल एका तोंडानं जोडा. मागचे पांढरे आणि पुढचे लाल दुसऱ्या तोंडानं. दिशा बदलली की प्लस-मायनस बदलतं आणि जे सुलटे झाले ते पेटतात. उलट्या बाजूनं एलईडी साधारण पाच व्होल्टपर्यंत सोसतो, तुमचे चारच आहेत, चालेल. तो नऊ व्होल्टचा डबा मात्र आता घराबाहेर काढा.

तारांचं. पोलादी तार नको. तांब्याच्या कितीतरी पट विरोध, आणि सोल्डर तिच्यावर धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. पितळी तारेवर सोल्डर छान बसतं, पण तिच्यावर आवरण नाही, कुठंतरी टेकणार. ती कठड्यांना वापरा, इंजिनाच्या बाजूचे पितळी कठडे काय दिसतील! वायर म्हणून इंटरनेटच्या केबलमधल्या बारीक वायरी घ्या. आठ रंग असतात. एक नियम घालून घ्या, उदाहरणार्थ केशरी म्हणजे पुढचे पांढरे, आणि तो पाळा. मी नाही पाळला. बॉडी बंद केल्यावर शॉर्ट हूडमधून लाल उजेड यायला लागला आणि परत सगळं उघडावं लागलं.

मोटरच्या दोन टोकांत १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावून टाका, ठिणग्यांची खरखर कमी होते. वडिलांच्या रेडिओला बरं.

तुमचं इंजिन साधारण १:८० मापाचं झालंय, माहीत आहे का? खरं डब्ल्यूडीएम-२ सतरा मीटरच्या जरा वर असतं. दुकानातल्या एचओ मापाच्या खेळातल्या गाड्या १:८७ च्या, म्हणजे फार लांब नाही गेलात. आणि सेलवर चालवताय ते बरंच आहे. आमच्या गाड्या रुळातून वीज घेतात, रुळावर जरा धूळ बसली की सगळ्या गाडीचे दिवे लुकलुकतात, मग चिंधी आणि स्पिरिट घेऊन बसा. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलाला एकदा घेऊन या. परतीच्या गाडीत तो काय काय मागेल त्याची जबाबदारी माझी नाही.

दौंडकर_काका

सगळं वाचलं. वायरिंगमधलं आपल्याला काही कळत नाही, पण इंजिनावर बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी अल्कोवर. तेव्हा दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. रागावू नका मिस्त्री.

पहिली. टपावरचा पिवळा सारखा लुकलुकत ठेवू नका. ती शोभेची वस्तू नाही. त्याला आम्ही फ्लॅशर म्हणतो, आणि तो लागला याचा अर्थ इथं काहीतरी बिघडलंय, शेजारच्या लाइनवर येणाऱ्यानं थांबावं. गाडी घसरली, डबे तुटून मागं राहिले, कुणी साखळी ओढली आणि गाडी का थांबली ते कळेना, अशा वेळी ड्रायव्हरचं पहिलं काम फ्लॅशर लावणं. कारण तुमचा घसरलेला डबा शेजारच्या रुळावर आडवा पडला असेल तर ते समोरून येणाऱ्याला अंधारात कसं कळणार?

एकदा भिगवणच्या अलीकडं, रात्री दीडच्या सुमाराला, समोरच्या लाइनवर हा पिवळा दिसला. उघडमीट, उघडमीट. असिस्टंटनं आणि मी एकाच वेळी तोंड उघडलं, आणि तोवर माझा हात ब्रेकवर गेला होता. त्या गाडीच्या शेजारी येऊन थांबलो. कुणीतरी साखळी ओढली होती, बाकी काही नव्हतं. तिकडचा ड्रायव्हर खाली उतरून कंदील घेऊन गाडी तपासत होता. आम्ही दोघं दोन मिनिटं काही बोललोच नाही. मग असिस्टंटनं थर्मासमधला चहा काढला. तेव्हापासून तो दिवा कुणी मजेत लावलेला बघवत नाही, खेळण्यातसुद्धा.

दुसरी. इंजिनामागं डबे जोडले असतील तर इंजिनाच्या मागच्या बाजूचे लाल दिवे लागत नाहीत. लाल असतो शेवटच्या डब्याला. दिवसा तिथं एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी, रात्री लाल दिवा. स्टेशनातला माणूस तेच बघतो, गाडी पूर्ण आली की अर्धी मागं राहिली ते. इंजिन एकटंच चाललं असेल तेव्हा मात्र मागं लाल पाहिजेच.

आणि जाताजाता, जुन्या अल्कोचा हेडलाईट निळसर पांढरा नव्हता. पिवळसर होता, तुपाच्या दिव्यासारखा म्हणा. आत्ताच्या इंजिनांना पांढरेफेक आलेत. पहिली अल्को १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, ६४ पासून वाराणसीला बनायला लागली. तुमच्या पोराला हे पण वहीत लिहायला सांगा.

तारमिस्त्री_मिरज

काका, रागावायचं काय त्यात. तुमचं वाचून दाखवलं तेव्हा पोरगा जेवायचा थांबला होता. वहीत लिहिलंय: "पिवळा म्हणजे धोका. मजेत नाही."

आमच्या वडिलांनी पण वाचलं. ते म्हणाले, १९७१ पर्यंत पुण्याहून मिरजेला मीटरगेज होती, ब्रॉडगेज नंतर आली, आणि कुर्डुवाडीची बारकी (नॅरोगेज) गाडी तर पुष्कळ वर्षं होती. मिरज स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ होते. आता ते पोराला बारक्या गाडीचं इंजिन कर म्हणून मागं लागलेत. हे आधी होऊ दे म्हणलं.

सोल्डरबाई, लुकलुकणाऱ्याचं सर्किट राहिलं. शेजारी म्हणतो ५५५ (उघडमीट करवणारी चिप) लावू.

सोल्डरबाई

काकांच्या पोस्टनंतर माझं वर्गातलं फ्लॅशरचं सर्किट मी जरा वेगळ्या नजरेनं शिकवेन.

शेजाऱ्यांना सांगा, साधं एनई५५५ साडेचार व्होल्टच्या खाली भरवशाचं नाही. आपल्याकडं ३.६ आहेत. त्याचंच कमी विजेवर चालणारं सीमॉस रूप, ७५५५ नावाचं, दोन व्होल्टपासून चालतं. पण मी तेही लावणार नाही. आपोआप उघडमीट करणारा पिवळा एलईडी मिळतो, आतच त्याचं सर्किट असतं. घेताना दुकानातच तीन सेलवर लावून बघा, सगळेच इतक्या कमी व्होल्टेजवर नीट चालत नाहीत. त्याला वेगळं बटण द्या, आणि वीज दिशेच्या बटणाच्या आधीची घ्या, म्हणजे गाडी कुठंही तोंड करून उभी असली तरी लागेल.

मागच्या लालनाही एक बटण द्या. डबे जोडले की बंद. पांढरे घेताना "वॉर्म व्हाइट" म्हणून मागा, काकांचं तूप त्यातच आहे.

तारमिस्त्री_मिरज

बारा दिवसांनी लिहितोय, मधे एका तंबोऱ्याची घाई होती.

झालं काम! जसं झालं तसं सांगतो, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

पहिली चूक, एलईडीचे पाय आधीच कापले. लांब पाय प्लस एवढं माहीत होतं, पण दोन्ही सारखे कापल्यावर लांब कुठला? मग कळलं की एलईडीच्या काठाला एका बाजूनं सपाट घासल्यासारखं असतं, ती मायनस. शेजाऱ्यानं घड्याळात असतो तसला तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल दिला. त्याच्या दोन बाजूंना एलईडीचे पाय चिमटीत धरले की लागतो, न लागला तर उलटा करायचा. एक एक करून आठही तपासले आणि प्लसच्या पायाला तांबड्या दोऱ्याची गाठ मारली. सतारीचे पडदे बांधायचा दोरा. गाठ मारायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी चूक महाग पडली. शॉर्ट हूडच्या भोकात एलईडी बसवून आतच सोल्डर करायला गेलो. तापलेलं टोक लाकडाला टेकलं आणि चपडा मऊ होऊन फुगला, रुपयाएवढा डाग. पॉलिश परत खरवडून तीन हात मारावे लागले. नंतर शहाणपण आलं: सगळं सोल्डर बाहेर टेबलावर, आणि जोडलेली माळ आत सरकवायची. भोकं पण पहिल्यांदा मोठी पडली होती. खुंटीचं भोक पाडायची सवय, हात आपसूक तेवढंच पाडतो. बारीक बूच बसवून परत पाडली.

तिसरा सेल लाँग हूडमध्ये बसला. वरची पंख्याची जाळी उचलली की सेल दिसतो, चार्जिंगला तिथूनच काढायचा. बाकीचे दोन खालनं. डोंबिवलीचे दादा, रंगाचा नियम पाळला, पण पहिल्या दिवशी पुढं जाताना मागचे पांढरे लागले. वायरी बरोबर होत्या, मोटर उलटी जोडली होती. दोन वायरी अदलाबदल केल्यावर पोरगा म्हणाला, "एवढंच?"

गाडी जोरात पळत होती, वळणावर एकदा आडवी झाली. ते दोन उलटेसुलटे डायोड घातले, आता शहाण्यासारखी जाते. आणि कठडे पितळी तारेचे केले. खरंच काय दिसतंय.

रात्री खोलीतला दिवा मालवून चालवली. भिंतीवर त्या पिवळसर उजेडाचे दोन गोल सरकत जातात, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या तंबोऱ्यावर आले की भोपळ्याच्या पॉलिशवरून वळसा घालून पुढं जातात. मोटरचं बटण बंद केलं. गाडी थांबली, गोल तिथंच राहिले. पोरगा म्हणाला, "मिरज जंक्शन. पाच मिनिटं."

आता काकांसाठी. पिवळ्याचं बटण खाली, चाकांच्या मधे ठेवलंय, सहज हात लागू नये म्हणून. पोरगा ते मजेत लावत नाही, शब्द पाळतो. पण त्यामुळं परवापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी गाडी घसरायला लागली आहे. रुळाच्या सांध्यात काडी, पेन्सिल, एकदा तर माझी जवारीची कानस. गाडी घसरली की तो गंभीर तोंडानं पालथा पडून फ्लॅशर लावतो आणि समोरच्या रुळावर कुणी येऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहतो. काल बायको आमटीचं पातेलं घेऊन पाच मिनिटं उंबऱ्यात थांबली होती.

दौंडकर_काका

नियमाप्रमाणं बरोबर आहे. नुसता फ्लॅशर लावून भागत नाही, शेजारची लाइन सांभाळायला माणूस पुढं पाठवावाच लागतो. वहिनींना सांगा, लाल झेंडा दिसला की उभं राहायचं.

डोंबिवली_लूपलाईन

मिस्त्री, फोटो टाका ना. विशेषतः कठड्यांचा.

तारमिस्त्री_मिरज

टाकतो. एक राहिलं. आता शेवटच्या डब्याला लाल दिवा पाहिजे म्हणतोय, काकांनीच सांगितलंय म्हणून. डबा हलका आहे, तीन सेल घातले तर इंजिन ओढणार नाही. तो नाण्याएवढा सेल घालू का? धाकटी दोन वर्षांची आहे, ती सगळं तोंडात घालते, तेवढीच भीती वाटते.

सोल्डरबाई

मग तो सेल त्या घरातच ठेवू नका. तपासायला आणलेला शेजाऱ्यांना आजच परत करा. गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो. डब्याला सेल लागतच नाही. इंजिनातून दोन बारीक वायरी कपलिंगखालून मागं न्या, लाल आणि त्याचा ६८० चा रेझिस्टर शेवटच्या डब्यात बसवा, आणि डबे काढता-घालता यावेत म्हणून प्रत्येक डब्याच्या मधे दोन पिनांचा छोटा कनेक्टर घाला. वीज मुख्य बटणाच्या पुढून पण दिशेच्या बटणाआधी घ्या. किती डबे आहेत?

तारमिस्त्री_मिरज

सध्या तीन. वडील अजून चार करतायत.